रंग, रेशीम आणि गोधडी: तीन दिवसांच्या प्रात्यक्षिक कार्यशाळेची क्रमवार आखणी

कापड रंगवणे, रेशमावर चित्र काढणे आणि गोधडी शिवणे या तीन कला एकाच कार्यशाळेत शिकणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी झळझळीत दिसलेला रंग घरी गेल्यावर पाण्यात उतरतो, रेशमावरची रेघ एका जागी फुटून निळा रंग पिवळ्यात शिरतो, किंवा गोधडीच्या पांढऱ्या चौकोनांवर पहिल्याच धुण्यात लाल डाग पडतात. यांतले जवळजवळ प्रत्येक नुकसान रंग हातात घेण्याच्या आधी तरी झालेले असते, नाहीतर रंगकाम आटोपल्यानंतरच्या घाईत. म्हणून प्रत्यक्ष रंग लावण्याच्या आगेमागे काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि पुढे सरकण्यापूर्वी काय तपासायचे, यावर या लेखात अधिक भर दिला आहे.

टप्पा १: वेळापत्रक रंगाच्या वेळेनुसार आखणे

सर्वांत मोठी चूक वेळापत्रकात होते. सकाळी सुती कापड रंगवायचे, दुपारी रेशीम आणि संध्याकाळी त्याच कापडाची गोधडी, अशी आखणी कागदावर आटोपशीर दिसते, पण सुती कापडावरचा रंग धाग्याशी पक्का जोडला जाण्यासाठी कित्येक तास ओला राहावा लागतो आणि त्यानंतर धुण्यातच अर्धा दिवस जातो. हा वेळ कमी करता येत नाही.

पहिल्या दिवशी फक्त सुती कापड रंगवावे. ते रात्रभर मुरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुवून वाळत घालावे आणि दुपारी रेशीम ताणून त्यावर चित्र काढावे. तिसऱ्या दिवशी एकीकडे रेशमाला वाफ देत ठेवावी आणि दुसरीकडे वाळलेल्या सुती तुकड्यांची गोधडी जोडायला घ्यावी. हवा दमट असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या मध्ये एक दिवस मोकळा सोडावा, कारण दमट कापड कापले तर तुकड्यांची मापे जुळत नाहीत.

टप्पा २: जागा आणि भांडी

दोन वेगळी टेबले लागतात: एक ओल्या कामाचे, एक कोरड्या कामाचे. ही दोन टेबले शेजारी शेजारी ठेवू नयेत. रंगाच्या भुकटीचा एक कण, जो डोळ्यांना दिसतही नाही, तो ओल्या रेशमावर पडला की तेथे ठळक ठिपका उमटतो आणि तो निघत नाही.

ओल्या टेबलावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर जुनी फडकी अंथरावीत. बादल्या, बरण्या, चमचे, मोजपात्रे हे सगळे प्लॅस्टिकचे, काचेचे किंवा स्टीलचे असावे. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे अजिबात वापरू नये, कारण रंग पक्का करण्यासाठी लागणाऱ्या सोड्याच्या (सोडा अ‍ॅश, टप्पा ४) द्रावणाची अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया होते, भांडे खराब होते आणि सोड्याचा जोरही कमी होतो. एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा असलाच पाहिजे. चमच्याने मोजलेला रंग दुसऱ्या वेळी तसाच येत नाही, कारण प्रत्येक रंगाची भुकटी कमीअधिक जड असते.

सावधान: रंगकामासाठी वापरलेले कोणतेही भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. रिअ‍ॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक रीतीने जोडल्या जाणाऱ्या) रंगाची भुकटी श्वासावाटे आत गेल्यास कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, दम्यासारखा त्रासही होऊ शकतो. म्हणून कोरडी भुकटी हाताळताना बारीक कण अडवणारा मास्क आणि हातमोजे सक्तीचे समजावेत. पंखा त्या वेळेपुरता बंद ठेवावा. डबा उघडायचा तो ओल्या वर्तमानपत्रावर, म्हणजे सांडलेले कण तेथेच धरले जातात. माझ्या मते भुकटी विरघळवण्याचे काम शिकणाऱ्यांना देऊच नये. शिकवणाऱ्याने ते सगळे येण्यापूर्वी करून ठेवावे आणि वर्गात फक्त द्रावणे द्यावीत.

टप्पा ३: सुती कापड निवडणे आणि त्याची खळ काढणे

हे काम कार्यशाळेच्या आदल्या आठवड्यात उरकावे.

येथे जे रंग वापरायचे आहेत, ते थंड पाण्यातले रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुती, लिनन, व्हिस्कोस अशा वनस्पतीजन्य धाग्यांवर चढतात. पॉलिएस्टरवर ते चढत नाहीत. मिश्र कापडावर रंग फिका येतो, कारण निम्मा धागा पांढराच राहतो. विकणाऱ्याच्या शब्दावर न राहता कापडाचे चारपाच धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मागे मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आकसते आणि त्याचा कडक मणी होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडला जातो. तयार शिवलेला कपडा रंगवायचा असेल, तर त्याची शिलाई पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असल्यास ती पांढरीच राहील, हे आधीच सांगून ठेवावे.

कोरे कापड स्वच्छ दिसत असले तरी त्यात खळ, मेण आणि तेलकट अंश असतो. तो काढल्याशिवाय रंग वरवर बसतो आणि डागाळ दिसतो. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात कापड मोकळे बुडेल एवढे पाणी घ्यावे, दर लिटरला २ ग्रॅम सोडा अ‍ॅश आणि थोडा सौम्य डिटर्जंट घालावा आणि तासभर मंद उकळू द्यावे. मांजरपाटासारख्या जाड, न धुतलेल्या कापडाचे पाणी अर्ध्या तासात चहासारखे तपकिरी झालेले दिसते. तेच पाणी कापडातच राहिले असते तर रंग कुठे बसला असता, याचा विचार शिकणाऱ्यांना करायला लावावा. नंतर कापड भरपूर पाण्यात खळबळून वाळवावे. कापड मऊ करणारे सुगंधी द्रावण शेवटच्या पाण्यात घालू नये, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि रंग अडवतो.

उकळल्यामुळे कापड आटते, तेही आत्ताच आटून घेतलेले बरे.

तपासणी: वाळलेल्या कापडावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब लगेच आत शोषला गेला तर कापड तयार आहे. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर खळ शिल्लक आहे, पुन्हा उकळावे. ही तपासणी कापडाच्या तीन ठिकाणी करावी, कारण घडीच्या आतला भाग अनेकदा कच्चा राहतो.

टप्पा ४: सोडा ओळखणे आणि त्याचे द्रावण

रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुती धाग्याला धरतो तो अल्कधर्मी पाण्यात, आणि ते काम सोडा अ‍ॅश म्हणजे सोडियम कार्बोनेट करतो. येथे तीन घोटाळे होतात.

पहिला घोटाळा खाण्याच्या सोड्याचा. तो सोडियम बायकार्बोनेट असतो आणि या थंड पद्धतीत पुरेसा जोर देत नाही; रंग लागल्यासारखा दिसतो आणि धुण्यात निघून जातो. दुसरा घोटाळा स्फटिकांच्या रूपातल्या धुण्याच्या सोड्याचा. पदार्थ तोच, पण त्या स्फटिकांच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असते. कोरड्या सोडा अ‍ॅशच्या १०० ग्रॅमच्या जागी असे स्फटिक सुमारे २७० ग्रॅम घ्यावे लागतात. तिसरा घोटाळा व्हिनेगरचा. "रंग पक्का करायला व्हिनेगर घाला" हा सल्ला रेशीम आणि लोकरीवरच्या आम्लरंगांपुरता, म्हणजे आम्लात पक्के होणाऱ्या रंगांपुरता, खरा आहे. सुती कापडावर तेच व्हिनेगर सोड्याला मारते आणि रंग जोडला जाण्याची प्रक्रिया थांबवते. सल्ला देणारा मनापासून देतो, पण त्यामुळे पूर्ण वर्गाचे कापड वाया गेलेले मी पाहिले आहे.

द्रावणासाठी एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम सोडा अ‍ॅश घ्यावी. पाणी आधी आणि सोडा नंतर, थोडा थोडा, ढवळत घालावा. सोड्यावर पाणी ओतले तर त्याचे दगडासारखे गठ्ठे बनतात आणि उष्णता निर्माण होते. हे द्रावण झाकून ठेवल्यास पुष्कळ दिवस टिकते. त्वचेला आणि डोळ्यांना मात्र ते झोंबते, म्हणून बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. नाव न लिहिलेली पारदर्शक द्रावणाची बरणी वर्गात असूच नये.

टप्पा ५: रंग विरघळवणे

रंगाचे प्रमाण पाण्यावरून ठरवू नये. ते कोरड्या कापडाच्या वजनावरून ठरते. फिक्या छटेसाठी कापडाच्या वजनाच्या १ टक्का किंवा त्याहून कमी, मध्यम छटेसाठी सुमारे २, गडद छटेसाठी ४ टक्के, आणि काळ्यासाठी याच्या जवळजवळ दुप्पट रंग लागतो. कापड ओले होण्यापूर्वी वजन करून कागदावर लिहून ठेवले नाही, तर हा सगळा हिशेब अंदाजावर जातो.

१० ग्रॅम भुकटीत प्रथम चमचाभर कोमट पाणी घालून गुठळ्या न राहू देता मऊ लगदा करावा, मग हळूहळू पाणी वाढवत ५०० मिलिलिटर करावे आणि द्रावण जुन्या पातळ कापडातून गाळून घ्यावे. कढत पाणी वापरू नये. लाल आणि जांभळ्या रंगांत न विरघळलेले कण राहण्याची शक्यता अधिक असते, म्हणून ते दोनदा गाळावेत.

सावधान: सोडा न घातलेले रंगाचे द्रावण गार जागी काही दिवस टिकते. त्यात सोडा पडला की रंग पाण्याशीच प्रक्रिया करू लागतो आणि तासादोन तासांत त्याचा जोर सरतो. उरलेला सोडामिश्रित रंग दुसऱ्या दिवशी वापरला तर कापडावर रंग दिसेल, पण टिकणार नाही.

टप्पा ६: सुती कापड रंगवणे

गोधडीसाठी सर्वांत उपयोगी पडतो तो एकाच रंगाच्या चढत्या छटांचा संच. तो असा करावा.

१. प्रत्येकी ५० ग्रॅम वजनाचे पाच सुती तुकडे घ्यावेत, साध्या पाण्यात भिजवून पिळावेत आणि पाच रुंद तोंडाच्या बरण्यांवर १ ते ५ आकडे घालावेत.

२. वर तयार केलेल्या द्रावणाच्या प्रत्येक १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम रंग आहे, म्हणजे ५० ग्रॅम कापडाच्या ४ टक्के. पहिल्या बरणीत १०० मिलिलिटर द्रावण घालावे, दुसरीत ५०, तिसरीत २५, चौथीत साडेबारा आणि पाचवीत सुमारे ६. दुसरीपासून पुढच्या सर्व बरण्यांत साधे पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर करावे.

३. तुकडे चुरगळून बरणीत दाबावेत आणि सर्व कापड ओले होईपर्यंत हातमोजा घातलेल्या बोटांनी दाबत राहावे. बरणीच्या तळाशी कोरडा, पांढरा कोपरा हमखास राहतो; तुकडा एकदा वरखाली करावा.

४. वीस मिनिटांनी प्रत्येक बरणीत ५० मिलिलिटर सोड्याचे द्रावण घालावे आणि पुन्हा दाबून सर्वत्र पोहोचवावे. सोडा आधी घातला तर रंग कापडाच्या आत शिरण्यापूर्वीच बाहेरच्या घड्यांवर अडकतो.

चुरगळून बरणीत घातल्यामुळे या तुकड्यांवर गडद-फिक्या ढगांसारखी नक्षी येते आणि गोधडीत ती फार शोभते. सपाट, एकसारखा रंग हवा असेल तर मात्र भरपूर पाण्यात रंगवावे: ५०० ग्रॅम कापडाला १० लिटर पाणी, त्यात ५०० ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम विरघळवलेला रंग. ओले कापड त्यात अर्धा तास सतत ढवळावे, मग बाहेर काढून कोमट पाण्यात विरघळवलेली १०० ग्रॅम सोडा अ‍ॅश टबात मिसळावी आणि कापड परत घालून आणखी तासभर दर पाच मिनिटांनी हलवावे. सोडा कापडावर थेट ओतू नये, ओतलेल्या जागी गडद डाग पडतो. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलते, पण रंग पक्का करण्याचे काम त्याचे नाही. मीठ घातले म्हणून सोडा टाळता येत नाही.

कापड बांधून किंवा घड्या घालून वरून रंग सोडायचा असेल तर क्रम बदलतो. त्या वेळी कापड आधी सोड्याच्या द्रावणात १५ मिनिटे भिजवावे, घट्ट पिळावे, मग बांधावे आणि बाटलीने रंग सोडावा. येथे रंग अधिक घट्ट लागतो, २५० मिलिलिटर पाण्याला ५ ते १० ग्रॅम. नवशिक्यांची सवय अशी की कापड थबथबेपर्यंत रंग ओततात आणि सगळे रंग खाली साचून मातकट होतात. घडी उघडून आत डोकावावे, पांढरे दिसेल तेवढ्याच जागी आणखी रंग द्यावा. लाल आणि हिरवा, पिवळा आणि जांभळा असे एकमेकांना मारणारे रंग शेजारी ठेवू नयेत.

टप्पा ७: मुरवणे

बरण्यांची झाकणे लावावीत. बांधलेले कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे. कापड वाळले की प्रक्रिया थांबते. खोलीचे तापमान निदान २१ अंश सेल्सिअस असावे आणि बरण्या रात्रभर तशाच राहू द्याव्यात. टर्कॉइज निळा इतरांपेक्षा हळू चढतो, त्याला ऊब आणि वेळ दोन्ही अधिक लागतात; तो संच उबदार कोपऱ्यात ठेवावा.

प्रत्येक पिशवीवर नाव, रंग आणि सोडा घातल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. कोणी आपले कापड घरी नेणार असेल तर त्याच चिठ्ठीच्या मागे पुढच्या टप्प्यातला धुण्याचा क्रम लिहून द्यावा. तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते.

टप्पा ८: धुणे

रंग टिकण्याचा निकाल येथे लागतो, आणि नेमका येथेच सर्वांचा उत्साह संपलेला असतो.

धाग्याशी न जोडला गेलेला रंग प्रत्येक कापडात शिल्लक राहतोच. तो बाहेर काढायचा आहे. प्रथम गार पाण्यात तीनचार वेळा खळबळून सोडा आणि मीठ काढावे. सोडा शिल्लक असताना एकदम गरम पाण्यात टाकले तर सुटा रंग शेजारच्या पांढऱ्या भागाला धरू शकतो. पाणी बरेच निवळले की मग गरम पाणी घ्यावे, ६० अंशांपेक्षा जास्त, त्यात थोडा सौम्य डिटर्जंट घालावा आणि कापड अर्धा तास बुडवून ठेवावे. पाणी रंगले की ते ओतून पुन्हा नवे गरम पाणी घ्यावे. गडद लाल आणि काळ्याला असे चारपाच वेळा करावे लागते. गार पाण्याखाली कितीही वेळ धरले तरी हा सुटा रंग पूर्ण निघत नाही. त्याला उष्णताच लागते. गडद आणि फिके तुकडे वेगळ्या बादल्यांत धुवावेत.

तपासणी: धुतलेला ओला तुकडा दोन पांढऱ्या सुती फडक्यांच्या मध्ये ठेवून त्यावर गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर रंगाची छाया उमटली तर धुणे अपुरे आहे. मी एकदा ही तपासणी गार, वाळलेल्या कापडावर केली, फडके पांढरे राहिले म्हणून समाधान मानले आणि तो लाल तुकडा गोधडीत जोडला. सहा महिन्यांच्या हाताच्या टाक्यांनंतर पहिल्या धुण्यात त्या एका तुकड्याने भोवतालचे आठ चौकोन गुलाबी केले. तेव्हापासून ओले कापड आणि गरम इस्त्री याशिवाय मी एकही तुकडा पास करत नाही.

टप्पा ९: रेशीम ताणणे आणि सीमारेषा काढणे

नवशिक्यांनी ८ मॉमी वजनाचे हाबोताई, म्हणजे साध्या विणीचे गुळगुळीत, पातळ रेशीम घ्यावे. एक मॉमी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम, म्हणजे हे कापड चौरस मीटरला साधारण ३५ ग्रॅम भरते. याहून बरेच जाड रेशमात सीमारेषा पलीकडच्या बाजूपर्यंत सहज झिरपत नाही आणि रेघ वरून पूर्ण दिसूनही रंग खालून निसटतो.

रेशीम कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवून ओलसर असतानाच इस्त्री करावे. मग चौकटीवर ताणावे. टाचण्या समोरासमोर लावत जावे: एका बाजूच्या मध्यावर एक, तिच्या समोर एक, मग उरलेल्या दोन बाजूंचे मध्य आणि शेवटी कोपरे. कापड टेबलापासून काही सेंटिमीटर वर तरंगले पाहिजे. खाली टेबलाला टेकले तर तेथे रंग साचून डाग पडतो. बोटाने टिचकी मारली की ताणलेल्या चामड्यासारखा हलका आवाज यावा.

सीमारेषेसाठी पाण्यात धुऊन जाणारा गुट्टा, म्हणजे रंगाला अडवणारे घट्ट द्रावण, घ्यावा. द्रावकावर आधारलेला गुट्टा काढायला पुन्हा द्रावक लागतो आणि बंद खोलीत त्याचा वास डोके धरतो. वर्गात तो नको. बारीक टोकाची बाटली लेखणीसारखी तिरपी धरावी, टोक कापडाला टेकवून एकसारख्या गतीने ओढावे आणि मध्येच उचलावे लागले तर पुन्हा सुरुवात आधीच्या रेघेवरूनच करावी. बाटलीत हवेचा बुडबुडा असेल तर रेघेत फट पडते. म्हणून आधी फडक्यावर दोन थेंब काढून पाहावेत.

तपासणी: रेघ वाळल्यावर चौकट खिडकीसमोर उभी धरावी आणि मागच्या बाजूने पाहावे. पूर्ण झिरपलेली रेघ उजेडात एकसारखी पारदर्शक दिसते. खसखशीच्या दाण्याएवढी जरी निस्तेज जागा दिसली तरी रंग तेथूनच वाट काढणार. अशा जागी मागून गुट्ट्याचा थेंब लावावा आणि तो पुन्हा पूर्ण वाळू द्यावा. अर्धवट वाळलेल्या रेघेवर रंग टेकवला की रेघ विरघळते.

टप्पा १०: रेशमावर रंग आणि वाफ

रेशमाचे रंग वेगळे असतात हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे, कारण सुती कापडाचे उरलेले सोडामिश्रित रंग रेशमावर वापरण्याचा मोह होतो. बाटलीवर "वाफेने पक्के होणारे" लिहिले आहे की "इस्त्रीने पक्के होणारे", ते आधी वाचावे. पुढची कृती पहिल्या प्रकाराची आहे.

भरलेला कुंचला आकृतीच्या मध्यभागी टेकवावा आणि रंगाला स्वतः रेघेपर्यंत पसरू द्यावे. रेघेजवळ कुंचला नेला तर रंग तिच्यावरून ओसंडतो. मोठी पार्श्वभूमी असेल तर पुरेसा रंग आधीच मिसळून ठेवावा आणि दोन्ही टोकांकडून भरत यावे, कारण वाळलेल्या कडेला ओला रंग भेटला की तेथे गडद काठ उमटतो आणि तो पुसता येत नाही. वाळत आलेल्या भागावर पाण्याचा थेंब पडला तरी असाच काठ येतो. जाड मिठाचे खडे ओलसर रंगावर टाकले की रंग त्यांच्याकडे ओढला जाऊन ताऱ्यांसारखी नक्षी होते. कापड चकाकत असताना टाकले तर फार ओले, चकाकी गेल्यावर टाकले तर उशीर. चकाकी नुकतीच मावळते तो क्षण योग्य. रेशीम पूर्ण वाळल्यावरच मीठ झटकावे.

वाफ देण्यासाठी वाळलेले रेशीम न छापलेल्या स्वच्छ कागदावर पसरावे, वर दुसरा कागद ठेवावा आणि सैल गुंडाळी करावी. रेशीम रेशमाला कोठेही टेकता कामा नये. ही गुंडाळी उंच पातेल्यात पाण्याच्या बऱ्याच वर, जाळीवर ठेवावी, तिच्या वर जाड कापडाचे दोन थर द्यावेत आणि झाकणालाही फडके बांधावे, म्हणजे झाकणावर जमलेले थेंब खाली पडणार नाहीत. एक थेंब गुंडाळीत शिरला तर तो सर्व थरांतून डाग पाडतो. रंगाच्या बाटलीवर दिलेल्या वेळेइतकी, बहुधा एक ते तीन तास, वाफ द्यावी आणि पातेल्यातले पाणी आटत नाही ना, याकडे एका माणसाने लक्ष ठेवावे. नंतर निदान एक दिवस थांबून रेशीम गार पाण्यात धुवावे. शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर येथे चालते.

टप्पा ११: तुकडे कापणे आणि जोडणे

कापण्यापूर्वी सर्व सुती तुकड्यांना इस्त्री करावी. इस्त्री उचलून ठेवावी, घासत ओढू नये. ओढल्याने कापड तिरके ताणले जाते. किनारीची घट्ट पट्टी कापून टाकावी. २ इंचांचा तयार चौकोन हवा असेल तर अडीच इंचांचा कापावा, कारण चारही बाजूंना पाव इंच माया (शिलाईच्या आत जाणारी कड) जाते. ही माया सर्वत्र सारखी असणे फार महत्त्वाचे आहे. एका शिलाईत सुताभराचा फरक पडला तरी दहा चौकोनांच्या ओळीत तो बोटभर होतो आणि ओळी एकमेकींना जुळत नाहीत.

म्हणून सगळे तुकडे जोडायला बसण्याआधी तीन चौकोन जोडून, इस्त्री करून मधला मोजावा. तो बरोबर २ इंच भरला तरच पुढे जावे. शिलाईची माया गडद कापडाच्या बाजूला दुमडावी, फिक्या कापडातून ती दिसते. लागून येणाऱ्या ओळींच्या माया विरुद्ध दिशांना दुमडल्या की सांधे एकमेकांत बसतात.

टप्पा १२: तीन थर, टाके आणि गोट

अस्तर आणि मधला भराव वरच्या थरापेक्षा प्रत्येक बाजूने ४ इंच मोठे घ्यावेत. अस्तर उलटी बाजू वर करून सपाट जमिनीवर पसरावे आणि कडा चिकटपट्टीने धराव्यात. कापड ताठ असावे, ताणलेले नसावे. त्यावर भराव, त्यावर वरचा थर. मग मध्यापासून बाहेर जात दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावावी किंवा कच्चा धावदोरा घालावा. या कामात आळस झाला तर मागे अस्तराला चुण्या पडतात आणि त्या उसवल्याशिवाय जात नाहीत.

पक्के टाकेही मध्यापासूनच सुरू करावेत. कडेपासून सुरुवात केली तर जास्तीचे कापड मध्ये गोळा होते. दोऱ्याची गाठ वरून ओढून भरावात लपवावी. टाके बारीक येण्यापेक्षा सारखे येणे महत्त्वाचे. सुरुवातीला इंचात पाचसहा पुरेत. दर दहा-पंधरा टाक्यांनी गोधडी उलटून मागचे टाके पाहावेत, कारण तिसऱ्या थरातून सुई न गेल्याचे वरून कळत नाही. भरावाच्या वेष्टनावर दोन शिलाईंमधले जास्तीत जास्त अंतर दिलेले असते, ते ओलांडल्यास भराव धुण्यात गोळा होतो.

टाके पूर्ण झाल्यावरच कडा सरळ कापाव्यात आणि गोट लावावा. अडीच इंच रुंद पट्टी लांबीत दुमडून, तिची उघडी कड गोधडीच्या कडेला लावून पाव इंचावर शिवावी. कोपऱ्याच्या पाव इंच आधी शिलाई थांबवून दोरा पक्का करावा, पट्टी वर सरळ रेषेत दुमडावी, मग खाली आणून पुढच्या कडेवर बसवावी आणि शिलाई अगदी वरच्या कडेपासून पुन्हा सुरू करावी. कडा वळणदार असतील तर सरळ पट्टीऐवजी तिरकी कापलेली पट्टी घ्यावी. पट्टी मागे वळवून हाताने टाचताना कोपऱ्यातली घडी समोरच्या घडीच्या उलट दिशेला दुमडावी, म्हणजे चार पदर एकाच जागी न साचता कोपरा सपाट बसतो.